पहिल्या एसटीपुढचं भाषण

मला भाषण करायला सांगू नका रे, एकदा केलंय तेवढं पुरे. आमच्या वाडीला सरकारी निधीतून एसटी मंजूर झाली, तीही माझ्याच अर्जांवर. महिनाभर प्रवासी दिसले तरच ती पुढं चालणार होती.

पहिल्याच दिवशी तिसगावच्या बाजाराला जायला गाडी गच्च भरली. मी नारळ फोडला आणि गाडीकडं पाठ करून, तिच्यापुढंच उभं राहून बोलायला लागलो. मागं धाडधाड आवाज झाला. मला वाटलं, लोक पत्रा वाजवून दाद देतायत! मी आणखी रंगलो.

शेवटी कंडक्टर खाली उतरला. "सायेब, आवरा आता. गाडीत डायवर एकलाच उरलाय."

"आणि माणसं?"

"बाजारात माल मांडाया जागा मिळायची न्हाई म्हनून गेली की दोन जीपा भरून. दारं आपटल्याली ऐकू न्हाई आली व्हय?"

गाडी रिकामी जाऊ नये म्हणून मीच तिकीट काढून तिसगावला गेलो. परतीची एसटी संध्याकाळी, म्हणून मुकाट्यानं त्यातल्याच एका जीपमध्ये बसलो. जीपवाला पैसे घेईना.

"ऱ्हाऊ द्या भाऊ. उद्या किती वाजता बोलनार, तेवढं सांगा."