भरबाजारातला रिकामा रस्ता

१९५६ साली अंधेरीला बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघे मित्र बोलत होते. एकाच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता.

“लिओनार्ड, ह्या डब्यानं फोटो काढलास?”

“खरंच रे सहदेव! सुईनं भोक पाडलं, आत फोटोचा कागद लावला आणि तासभर गावातल्या क्रुसासमोर ठेवला.”

“आणि तो फोटो कॅमेरा क्लबच्या स्पर्धेत पाठवलास?”

“पाठवला. परीक्षक म्हणाले, बाजाराच्या दिवशी रस्ता रिकामा कसा?”

“कसा?”

“एवढ्याशा भोकातून चित्र हळूहळू उमटतं, म्हणून चालणारं कुणी उमटलंच नाही. बैलगाड्या नाहीत, माणसं नाहीत. फक्त पर्पेच्युआमावशी उमटली. क्रुसाच्या पायरीवरून ती हललीच नाही ना.”

“बापरे! मग?”

“परीक्षक खुर्चीतून उठले. कितीतरी वेळ बघत राहिले. पहिलं बक्षीस दिलं.”

“मावशीला दाखवलास?”

“दाखवला. बोटीवर नोकरीला गेलेल्या तिच्या मुलाची, युस्टेसची ती रोज तिथं वाट बघते, तुला ठाऊक आहे. तिनं विचारलं, बाकीची माणसं कुठं गेली? मी म्हटलं, होती सगळी, चालत होती म्हणून दिसत नाहीत.”

“मग?”

“रिकाम्या रस्त्यावरून बोट फिरवत म्हणाली, ‘म्हणजे माझा युस्टेसपण इथं असेल.’”