मागच्या अंगणातली नळी

— नाही, तिकडून नका येऊ, ते दार अडकतं, हे इकडून या. तुमची पाणी तपासायची नळी मागच्या अंगणात आहे, दोरीवरच्या कपड्यांखाली. थांबा, चादर बाजूला करते — तुमचा तो चष्मेवाला यायचा ना, त्याची बदली झाली का? बरं. माणूस चांगला होता, चहा घ्यायचा नाही एवढंच. तुम्ही घेता? — नाही. तुमच्या खात्यात चालत नसावा.

झाकण पायाने दाबून फिरवा, गंजलंय. हां. आता ती मापाची फीत आत सोडाल, पाणी लागलं की ती किंचाळेल — मला सगळं पाठ आहे हो. आधी नळीत साठलेलं पाणी उपसायचं, ताजं आत येऊ द्यायचं, मग बाटल्या. बाटलीत हवेचा बुडबुडा दिसला तर ती बाद. आमचे हे खुर्ची टाकून बसायचे बघत. भिंतीपलीकडे पेट्रोल पंप होता ना, त्याची जमिनीतली टाकी झिरपत होती, कितीतरी वर्षं कोणाला पत्ता नाही; कळल्यावर ही नळी जमिनीत घातली. हे म्हणायचे, बघ, आपल्या घराखालून पेट्रोल वाहतंय आणि मी मूर्ख रांगेत उभा राहून भरतोय. मग पंप बंद झाला, टाकी उकरून नेली, हेही गेले. नळी राहिली.

आता मुलाला घर विकायचंय. म्हणजे माझ्या काळजीपोटीच हो, वाईट नाही तो. आई, एकटी कशी राहशील, आमच्याकडे ये — खोलीसुद्धा रिकामी करून ठेवलीय, सून फोन करून विचारते, पडदे कुठल्या रंगाचे लावू. मी म्हणते, तुला आवडतील ते लाव, मी कुठे पडदे बघत बसणार आहे. एक दातांचे डॉक्टर घर घ्यायला तयार आहेत, इथे दवाखाना, आणि ह्या अंगणात पेशंटच्या गाड्या. फक्त तुमचा अहवाल लागोपाठ दोनदा स्वच्छ यायला हवा. मग नळी बुजवायची, मग घराची कागदपत्रं. एकदा येतो हो स्वच्छ — मागचा आला की — पण पुढच्या वेळी थोडं पेट्रोल निघतंच. जमिनीच्या पोटात काय आहे, कोण सांगणार? डॉक्टर मात्र थांबलेत. एरवी लोकांना बाकावर बसवून ठेवणारा माणूस, पण स्वतः थांबलाय.

ही कसली बाटली? हिच्यात नळीतलं पाणी नाही भरलंत तुम्ही. — प्रयोगशाळेतून आणलेलं? शुद्ध? मग उघडी करून पायरीवर कशाला ठेवलीत, कचरा पडेल की — हवेतलं? हवेतलं काय पकडणार ती? चष्मेवाला असलं काही करायचा नाही. तो नुसता सांगायचा, बाटल्या भरताना जवळपास पेट्रोलचा वास नको. स्वतः त्या दिवशी गाडीत पेट्रोलही भरून यायचा नाही, एवढा पक्का. पण इथे कुठे आलाय वास? पंप जाऊन जमाना झाला.

कुठे? — ती? ती ह्यांची स्कूटर. मला चालवता येत नाही, मी नुसती चालू करते. हे रोज करायचे, नाहीतर इंजिन आखडतं म्हणायचे. आधी टाकीचं झाकण काढून आत डोकावायचं, गाडी हलवून पेट्रोल किती आहे बघायचं, मग किक. मीही तसंच करते. एका किकमध्ये होते हो अजून, तुमची होते? — आज? केली असेल सकाळी. तुम्ही यायच्या जरा आधी. एरवी इथे नाही करत, पुढे फाटकापाशी नेते, इथे धूर कपड्यांना लागतो ना —

असं नका बघू.

पहिल्या वेळी मुद्दाम नव्हतं. हे जाऊन थोडेच दिवस झाले होते, काही सुचायचं नाही. ती इथेच चालू केली, बंद करायचंही भान राहिलं नाही, नुसती शेजारी उभी राहिले, तेवढ्यात चष्मेवाला आला. त्याने येतानाच आवाज ऐकला असणार, तरी बाटल्या भरून गेला बिचारा. पुढे अहवाल आला, पाण्यात पेट्रोल. मुलगा फोनवर म्हणाला, आई, आता सगळं लांबलं गं. मी म्हटलं, हो रे, काय करणार. फोन ठेवला आणि जेवायला बसले. ह्यांच्यामागे पहिल्यांदा पोटभर जेवले मी. आता ह्याला तुम्ही काय म्हणाल ते म्हणा.

नाही, तिला हात लावू नका. रस्त्यावर नेऊन ठेवणार, मग वास जाईपर्यंत बसून राहणार, मग पुन्हा बाटल्या भरणार — सगळं कळतं मला. हँडल लॉक आहे. चावी माझ्याकडे आहे, आणि मी देणार नाही. तुम्ही असं करा, सामान आवरा. ती पायरीवरचीही बंद करा आधी. ऑफिसात कळवा, काम झालं नाही, पुन्हा यावं लागेल. — कारण? कारण काय, सांगा, बराच वेळ बेल वाजवली, घरी कोणी नव्हतं. — अहो, मी समोर उभी आहे ते मलाही दिसतंय. तरी तेच सांगा. निघा आता.