आठ ते नऊ, मीटरच्या खोलीला कडी

जबाब देणार: नाव ठाण्याच्या रजिस्टरात लिहून घेतले आहे, कामावर आणि गल्लीत सगळे भिंगरी म्हणतात. वय अंदाजे तेवीस. शिक्षण चौथी पास, पाचवीचे काही महिने. धंदा लाँड्रीत ड्रायरवर मजुरी. राहणार त्याच लाँड्रीच्या माळ्यावर, गठ्ठ्यांच्या खोलीशेजारी. मूळ घर गाडीने दोन दिवसांवर. घरी कळवायची वेळ आलीच तर बहिणीला कळवावे, आईला कळवू नये.

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो ते असे.

मी वरील ठिकाणी चौदा महिन्यांपासून काम करतो. त्याआधी चार वर्षांत सहा ठिकाणी केले. मला कुठून काढलेले नाही, मीच निघालो. म्हणूनच भिंगरी हे नाव पडले. इथे चौदा महिने कसा टिकलास, असे हवालदारांनी विचारले. त्याचा या गुन्ह्याशी संबंध नाही.

आमच्या लाँड्रीत दोन दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे झगे येतात. मालकीणबाईंना सगळे मावशी म्हणतात. मशीनवर मुख्य वस्ताद आहेत, वय साठच्या पुढे. घडी घालणाऱ्या अकरा बायका आणि मी. चार धुण्याची मशीन, चार ड्रायर, इस्त्रीचा एक मोठा रोलर.

वस्तादांची पंचवीस वर्षांची रीत अशी की आदल्या संध्याकाळी धुतलेल्या चादरी ड्रायरमध्ये भरून ठेवायच्या, सकाळी ठीक आठला शिट्टी मारायची आणि सगळी मशीन एकदम चालू करायची. याला ते घोडे सोडणे म्हणतात. एकदम सुटले की एकदम थांबतात, माल एकाच वेळी टेबलावर येतो, कोणाला हात बांधून बसावे लागत नाही. जुन्या मीटरला याचे काही सोयरसुतक नव्हते. तो चकती फिरवायचा आणि किती वीज गेली तेवढे मोजायचा.

चार महिन्यांपूर्वी वीज कार्यालयाने धंदेवाल्या सगळ्या ग्राहकांचे मीटर बदलले. दोन माणसे आली, वीस मिनिटांत नवा मीटर बसवला, मावशींची सही घेतली आणि गेली. मीटर बदलून गेले, समजावून कोणी गेले नाही. नवा मीटर वीज मोजतोच, वर दर अर्ध्या तासाला ती किती जोराने ओढली हेही लिहून ठेवतो. महिन्यातला सगळ्यात जोराचा अर्धा तास तो पकडतो आणि त्या एका अर्ध्या तासावरून अख्ख्या महिन्याचा आकार ठरतो. हे आज मला पाठ आहे. तेव्हा गल्लीत कोणाला ठाऊक नव्हते. आम्हाला मंजुरी चाळीस किलोवॅटची. मीटरने लिहिले त्रेपन्न. सलग तीन महिने त्रेपन्न.

मग नोटीस आली. मंजुरी वाढवून घ्या, नाहीतर वीज तोडू. वाढवून घ्यायची तर खांबापासूनची तार आणि गल्लीच्या तोंडाचा ट्रान्सफॉर्मर आमच्या खर्चाने बदलायचा. शेजारच्या लेथवाल्याला तशीच नोटीस आली होती. त्याच्या दाराला आता कुलूप आहे. मावशी वस्तादांना एका शब्दाने बोलल्या नाहीत. वस्ताद त्यानंतर चार दिवस जेवणाचा डबा न उघडता घरी परत नेत होते. हे मी पाहिले.

त्या चार दिवसांत मी बादली पालथी घालून मीटरसमोर बसलो आणि आकडे खडूने भिंतीवर लिहिले. ते अजून भिंतीवर आहेत. त्रेपन्न फक्त आठ ते साडेआठ या वेळात येते. ड्रायर थंड असताना वखवखल्यासारखी वीज ओढतो, एकदा तापला की निम्म्यावर येतो. साडेआठनंतर दिवसभर तीस-पस्तीसच्या वर आकडा जात नाही. मी वस्तादांना म्हणालो, "वस्ताद, घोडे एकदम नका सोडू. दोन ड्रायर सोडा, अर्ध्या तासाने दुसरे दोन, मग रोलर."

वस्ताद म्हणाले, "काल आलास आणि मला घोडे शिकवतोस? तुझ्या वयाचा माझा रोलर आहे."

मी म्हणालो, "मग त्यालाच विचारा. तीन महिने त्याच्या नावाने शिव्या खातोय आपण."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, "घे, वाजव. बुडालोच तर तुझ्या शिट्टीने बुडू." ही गोष्ट या महिन्याच्या एक तारखेची. आज बारा तारीख. या महिन्यात मीटरने धरलेला सगळ्यात मोठा आकडा अडतीस आहे.

मावशींनी हे लिहून कार्यालयात दोनदा अर्ज दिला. दोन्ही वेळा शिक्का मारून मिळाला. अर्ज वाचल्याचा शिक्का त्यांच्याकडे नसावा.

आज सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी वीज कार्यालयाचे साहेब जीपमधून आले. सोबत एक लाइनमन होता, तो खांबाला शिडी लावून साहेबांच्या इशाऱ्याची वाट बघत राहिला. साहेबांनी वीज तोडायचा हुकूम मावशींच्या हातात दिला आणि सही मागितली. मावशी म्हणाल्या, "साहेब, दहा वाजता दवाखान्याची गाडी येते. आज चादरी गेल्या नाहीत तर उद्यापासून गाडीच यायची नाही. या महिन्याचा आकडा तेवढा बघा, मग खुशाल तोडा."

साहेब म्हणाले, "माझ्या कागदावर त्रेपन्न आहे."

मी म्हणालो, "कागद जुना आहे, मीटर आजचा आहे. चार पावलांवर आहे, बघा की."

साहेब म्हणाले, "मी बघायला नाही, तोडायला आलोय. तू कोण रे मध्ये बोलणारा?"

मी कोण ते वर लिहिले आहे.

हुकूम परत घेऊन साहेब शेवटचे रीडिंग घ्यायला मीटरच्या खोलीत गेले. मी मागून दार ओढले आणि बाहेरून कडी घातली. तेव्हा आठला दोन मिनिटे कमी होती. मी त्यांना ढकलले, असे तक्रारीत आहे. ते खोटे आहे. माझा हात फक्त कडीला लागला. कडी मी घातली, हे खरे आहे आणि परत विचाराल तरी हेच सांगेन.

हे मावशींनी करायला सांगितले का, असे मला तीनदा विचारण्यात आले. सांगितले नाही. मावशींनी मला ओल्या टॉवेलचे तीन फटके मारले आणि "उघड दार, गाढवा, तुरुंगात जाशील!" असे सगळ्यांसमोर सांगितले. मी उघडले नाही. त्या फटक्यांबद्दल माझी तक्रार नाही.

ठीक आठला मी शिट्टी मारली. धुण्याची चारही मशीन आणि दोन ड्रायर चालू झाले. साहेब आतून ओरडले, "सरकारी माणसाला कोंडतोस? नोकरी जाईल तुझी!" मी म्हणालो, "मी कुठे सरकारी आहे, साहेब? तुम्ही मीटरकडे बघा." त्यांनी ठाण्याला फोन केला. मग दार वाजवणे बंद झाले.

आठ वीसच्या सुमाराला आतून आवाज आला, "ड्रायर किती चालू आहेत?"

"दोन."

"आणि धुण्याची?"

"चारही."

"खोटं बोलू नकोस."

"आवाज येतोय ना? मोजा आवाजावरून."

साडेआठला मी दुसरी शिट्टी मारली. आतून विचारले, "आता काय लावलंस?" मी म्हणालो, "राहिलेले दोन ड्रायर." साहेब म्हणाले, "पहिले बंद केलेस." मी म्हणालो, "एकही बंद नाही. ते तापलेत, आता कमी ओढतात." वस्ताद माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "हाच तो. पंधरा वर्षांपूर्वी सायकलवरून रीडिंग घ्यायला यायचा. उन्हाळ्यात आपल्याकडे पाणी पिऊन जायचा." नव्या मीटरचे आकडे महिनाअखेर आपोआप कार्यालयात पोचतात, त्यामुळे रीडिंगला आता कोणी येत नाही. मावशींनी खिडकीच्या गजांतून त्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला. कप खोलीत आहे.

एक गोष्ट मुद्दाम लिहून घ्यावी. मेन स्विच त्याच खोलीत आहे, मीटरच्या खाली, हाताला लागेल असा. साहेबांनी तो खटका खाली ओढला असता तर सगळे जागच्या जागी थांबले असते. एक तास ते त्याच्यासमोर होते. त्यांनी तो ओढला नाही.

बरोबर नऊला रोलरची तिसरी शिट्टी मारून मीच कडी काढली. साहेब पालथ्या बादलीवर बसले होते, मांडीवर तोच हुकूम पालथा घालून. त्याच्या पाठीवर त्यांनी पेनाने आकडे लिहिले होते, दर पाच मिनिटांचा एक. शेवटून पाहिले तर नऊला अडतीस, साडेआठला एकतीस. कागद त्यांनी घडी करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. लाइनमनने शिडीवरून विचारले, "तोडू का?" साहेब म्हणाले, "थांब." नऊ वाजून दहा मिनिटांनी पोलीस आले आणि मला घेऊन निघाले. तेव्हा रोलर चालू होता.

साहेबांच्या तक्रारीत आठ ते नऊ कोंडल्याचे आहे. आकडे नाहीत. माझे म्हणणे असे की तो कागद जप्त करावा. मी कोंडले याचाही तोच पुरावा, आणि मावशींचा दोष नाही याचाही तोच. मला शिक्षा द्यायची तर त्या कागदासकट द्यावी. कागद सोडून देता येणार नाही.

अंगझडतीत माझ्याजवळ खडूचा एक तुकडा आणि पत्र्याची एक शिट्टी मिळाली. शिट्टी माझी नाही, वस्तादांची आहे. मला इथे ठेवणार असाल तर ती उद्या सकाळी आठच्या आत लाँड्रीत पोचवावी. तीन वेळा वाजवायची आहे: आठ, साडेआठ आणि नऊ. वस्तादांना पाठ आहे, तरी चिठ्ठी सोबत द्यावी.

वर लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. नंतर मी स्वतः बोट ठेवून वाचले, त्याला पाऊण तास लागला, तेवढा वेळ दिल्याबद्दल हवालदारांचा आभारी आहे. एका ठिकाणी "रागाच्या भरात" असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. मी रागात नव्हतो, घड्याळाकडे बघत होतो. बाकी सगळे मी सांगितले तसेच आहे. अंगठा नको, सही करतो.