मदतीच्या चौकटीतलं पत्र

चिझुरु : ...आणि हे सगळं तुम्ही त्या शोधायच्या चौकटीत लिहिलंत?

बाबा : मग कुठे लिहायचं? "इथे लिहा" असं तिथेच म्हटलंय.

चिझुरु : "थंडीचा कडाका ओसरू लागला आहे. आपण सर्व मंडळी कुशल असाल अशी आशा करतो. अचानक तसदी देत आहे, क्षमस्व..." बाबा! हे काय?

बाबा : पत्राची सुरुवात आहे. ऋतूचं विचारल्याशिवाय का कुणी कामाचं बोलतं?

चिझुरु : आणि शेवटी सही! "आपला नम्र, शिगेनोरी, तातामीवाले, कानाझावा." कपाळ माझं! अहो, ही फोन कंपनीची मदतीची साइट आहे. यंत्र शोधतं तिथे.

बाबा : म्हणूनच उत्तर उद्धट आलं. "काहीही सापडले नाही." नमस्कार नाही, चमत्कार नाही.

चिझुरु : नमनालाच घडाभर तेल ओतलंत तर बिचाऱ्याला सापडणार काय? दोन-तीन शब्द लिहायचे. घोडं नेमकं अडलंय कुठे, तेवढंच. सांगा, काय होतंय फोनला?

बाबा : बिघडलाय.

चिझुरु : कसा?

बाबा : वाजत नाही.

चिझुरु : हं. "फोन वाजत नाही." हे बघा, ढीगभर उत्तरं आली. आवाज बंद आहे का? नाही. विमानातलं बटण दाबलंय? नाही. अहो, पण सकाळी मी फोन केला तेव्हा तर वाजला!

बाबा : तुझा वाजतो.

चिझुरु : मग कुणाचा नाही वाजत?

बाबा : संत्रं खा ना. गोड आहेत यंदा.

चिझुरु : बाबा, लोकांच्या घरी जमिनीवर तातामीच्या चटया बसवताना दोराभर फट राहिली तरी तुम्ही अख्खी उचकटून काढायचात. आणि इथे एक शब्द धड सांगता येत नाही? कुणाचा?

बाबा : तुझ्या भावाचा. काझुओमीचा.

चिझुरु : ...बरं. "एकाच माणसाचा फोन येत नाही." पहिलंच उत्तर बघा. "आपण हा क्रमांक ब्लॉक केला आहे का?"

बाबा : किती खोदून विचारतात मेले.

चिझुरु : केलात?

बाबा : नवीन वर्षाला, सगळ्यांसमोर म्हणाला, "आता तातामी कोण घालतं?" माझ्याच तातामीवर मांडी घालून! मी रागानं काहीतरी दाबलं.

चिझुरु : अहो, तो मला किती वेळा म्हणाला, बाबा फोनच घेत नाहीत! मला वाटलं, तुम्ही रुसलात. आज संध्याकाळच्या विमानानं चाललाय तो. तीन वर्षांसाठी, ब्राझीलला!

बाबा : माहितीये. म्हणून तर लिहीत होतो कंपनीला. जाताना तो करेलच ना फोन.

चिझुरु : थांबा, मीच लावून देते.

बाबा : नको! बापानं आधी करायचा का?

चिझुरु : धन्य आहे तुमची! बरं, "ब्लॉक कसा काढायचा." हे आलं. इथे दाबा. तिथे नाही, इथे! झालं.

बाबा : झालं? एवढंच?

चिझुरु : एवढंच होतं हो. अडीच महिने.

(दोघंही फोनकडे पाहत बसतात. चहा निवतो.)

बाबा : वाजत नाहीये.

चिझुरु : त्याला काय स्वप्न पडणार आहे, तुम्ही दार उघडलंत म्हणून? तुम्हीच निरोप पाठवा.

बाबा : दे इकडे. "थंडीचा कडाका ओसरू..."

चिझुरु : बाबा!

बाबा : बरं, बरं. ओरडू नकोस. पुसलं.

चिझुरु : नेमकं काय विचारायचंय, तेवढंच लिहा. ...लिहिलंत?

बाबा : पाठवलंसुद्धा.

चिझुरु : बघू. "जेवलास का?" इतकंच?

बाबा : तूच म्हणालीस ना, दोन-तीन शब्द.

चिझुरु : हो, पण निदान चुकलं वगैरे... बाबा, वाजतोय! त्याचाच आहे! उचला!

बाबा : उचलतो गं.

चिझुरु : अहो, उचला की!

बाबा : थांब. जरा वाजू दे.