सात महिन्यांचा पत्ता

(स्वयंपाकघरातलं टेबल. मुलीपुढे लॅपटॉप, शेजारी बाबांचा जुना पासपोर्ट. आई कपड्यांच्या घड्या घालते आहे.)

मुलगी : बाबा, येरझाऱ्या पुरे. बसा बघू. सही तुमचीच लागणार आहे.

बाबा : बसलं की पाठ धरते. तू त्या देशाचं नावच गाळून टाक ना. तीस वर्षं झाली, कोण विचारतंय?

मुलगी : हा व्हिसाचा फॉर्मच विचारतोय. सहा महिन्यांच्या वर जिथे राहिलात, तिथल्या पोलिसांचा दाखला. तुम्ही तीन वर्षं फिटर होतात तिकडे. शिक्के आहेत पासपोर्टवर.

बाबा : मग असं कर, आईचा एकटीचा भर. ती येऊ दे तुझ्याकडे. मी इथे मजेत राहीन.

आई : हो तर. साखरेचा डबा कुठला ते माहीत नाही, आणि म्हणे मजेत.

मुलगी : अर्ज दोघांचा एकच आहे. शुक्रवारी मुदत संपतेय, आणि तुमचं रोज नवीन काहीतरी. आधी ऑफिस बंद होतं, मग फोटो बरा नव्हता, काल म्हणे बोटांचे ठसे उमटत नाहीत.

बाबा : फिटरची बोटं आहेत. घासली गेलीत.

मुलगी : बरं, ते राहू दे. पत्ते बघू. एकही महिना रिकामा चालत नाही. कंपनीची खोली ऑगस्टपर्यंत. घरी आलात मार्चमध्ये. मधे कुठे होतात?

बाबा : ओव्हरटाइम होता.

मुलगी : ओव्हरटाइम करून माणूस झोपतो कुठेतरी.

बाबा : आदल्या दिवाळीत सुट्टीवर येऊन गेलो होतो. मग ऑगस्टमध्ये तू झाल्याची तार आली. रजा मागायला गेलो. पासपोर्ट मुकादमाच्या खणात, तो देईना. मी ढकललं त्याला. पडला, हात मोडला त्याचा.

मुलगी : मग?

बाबा : मग काय. सात महिने आत. दाखल्यावर तेच येणार. तुझ्या आईचं जाणं माझ्यापायी अडणार. लाज वाटते गं.

मुलगी : पण पत्रं तर यायची दर महिन्याला. आई सांगते ना.

बाबा : कंपनीच्या खोलीत आपल्याच गावचा एक वेल्डर होता. माझ्या नावाने तोच लिहायचा.

आई : तुमचं अक्षर मला ओळखता येत नाही होय? दुसरं पत्र आलं तशी त्या वेल्डरच्या बायकोकडे गेले. तिने सगळं सांगितलं.

बाबा : आणि तीस वर्षं बोलली नाहीस?

आई : तुम्ही सांगाल म्हणून थांबले.

मुलगी : बाबा, जे झालं ते लिहायचं. नकार आला तर तेव्हा बघू. पत्ता सांगा.

बाबा : तुरुंगाचा पत्ता कोण लक्षात ठेवतं?

आई : मी सांगते, लिही. तीन पत्रं टाकली होती तिकडे. तिन्ही परत आली. कपाटात आहेत.