मी त्यांना सांगितलेला अर्थ

—नाही हो, जागा आहे, बसा ना. फोनवर मराठी बोलत होतात म्हणून हाक मारली. पुण्याच्या? तरीच. आम्ही चार पिढ्या इथलेच, चिकपेटच्या बाजारात साड्यांचं दुकान — मी कृष्णवेणी. आमचे हे आत आहेत, रक्त काढायला नेलंय, मुलगा आहे सोबत. तुम्हाला इंग्लिश चांगलं येत असेल, नाही? आयटीत आहात ना, मग येणारच. मलाही येतं. म्हणजे — वाचायला येतं. सातवी शिकलेय मी, तेही कन्नडमध्ये. पण मुलगा-सून काही लपवायचं झालं की इंग्लिश सुरू करायचे, आणि मी आपली दोघांच्या तोंडाकडे बघत बसायची. ह्यांना ते लागलं. म्हणाले, "वेणी, तू शीक." स्वतःला एबीसीडीपुढे येत नाही, पण अव्हेन्यू रोडच्या फूटपाथवरून कादंबऱ्या आणायचे — चांगली कुठली ते काय कळणार, जाड असली की झालं! सहा वर्षं झाली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी वाचायची, अडला शब्द डिक्शनरीत बघायची, वहीत उतरवायची, आणि ह्यांना शब्दाच्या अर्थासकट गोष्ट सांगायची. आता येईल त्याला सांगत सुटतात — "आमच्या हिला येतात ते शब्द कॉलेजच्या पोरींना येत नाहीत."

तर मघाशी — स्वल्प पाणी आहे का तुमच्याकडे? — मघाशी डॉक्टर मुलाशी इंग्लिशमध्ये बोलले. भराभर. बोललेलं मला तेवढं कळत नाही, पण एक शब्द कळला. पॅलिएटिव्ह. "आता ओन्ली पॅलिएटिव्ह," असं. तो मी वाचलाय हो! एका कादंबरीत म्हातारा कर्नल आजारी असतो, त्याच्या बायकोला डॉक्टर हेच सांगतो. मी बघून लिहिला होता — दुखणं कमी करणारं, मुळातून बरं न करणारं. पुढच्याच प्रकरणात कर्नलची खुर्ची रिकामी.

आणि ह्यांनी काय करावं? डॉक्टरांना नाही विचारलं, मुलाला नाही — माझ्याकडे वळले. "वेणी, काय म्हणाले ग?" मुलगा खाली बघत. मी म्हटलं, "आराम पडेल असं औषध देणार आहेत." खोटं नाही ना ते? नाही ना? — नको, नको, सांगू नका. अर्धाच अर्थ सांगितला मी. सहा वर्षांत पहिल्यांदा. आणि चेहरा असा खुलला त्यांचा! म्हणे, "मग दसऱ्याला म्हैसूरला जाऊ." आता घरी गेलो की म्हणतील, डॉक्टर म्हणाले तो शब्द वहीत काढ, वाच मोठ्यानं. काय वाचू मी? मला इतकी भीती कधी वाटली नव्हती हो. ते गेल्यावर मी कुणाला गोष्ट — बघा, काय बोलून गेले!

अगंबाई, आले. ते बघा, मला हात करतायत. तुम्ही उठा. नाही, उठाच, त्या पलीकडच्या बाकावर बसा. सगळ्यांशी बोलतात ते, तुम्ही आयटीतल्या म्हटल्यावर पहिला तुम्हालाच तो शब्द विचारतील. जा ना, हात जोडते —

अहो, इकडे! कोण? कुणी नाही हो. ओळखीच्या नाहीत.