बूथरॉइडांचं मूळ गाव

शमिका : नाही बाबा, उद्या बारशात हे सगळ्यांसमोर वाचायचं नाही. तो कागद आधी बॅगेत ठेवा.

नागेश : अगं पण का? पुण्यात बसून दोन वर्षं खपलोय मी यावर. आपल्या बोरगावकरांच्या कुलवृत्तांतासाठी गावोगाव पायपीट केली, मग जावयाच्या घराण्यासाठी एवढंही करू नको?

शमिका : हळू बोला. कॉलिन आत तनयाला निजवतोय.

नागेश : बरं, हळू. हे बघ, यॉर्कशर परगणा. जंगल तोडून जी जमीन मोकळी करायचे, तिला म्हणायचे रॉइड. आणि बूथ म्हणजे गुराख्याचं खोपट. अशा जागी राहणारे ते बूथरॉइड. पुढे माग आले, गिरण्या आल्या, पोरं हडर्सफील्डला गेली, काही थेट ऑस्ट्रेलियाला. आपले लोक नाही का बोरगाव सोडून इंदूर-बडोद्याला गेले? अगदी तीच तऱ्हा!

शमिका : आणि हे तुम्हाला कळलं कसं?

नागेश : आपली नेहमीची पद्धत. डिरेक्टरीतून बूथरॉइडांचे पत्ते काढले, वृत्तांताचा तक्ता इंग्रजीत केला आणि दिला धाडून. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत.

शमिका : बाबा! इंग्रजांना गोत्र विचारलंत?

नागेश : विचारायला काय जातं? एका बाईंनी गोत्रापुढे ‘मेथडिस्ट’ हा आपला ख्रिस्ती पंथ लिहिला आणि कुलदैवत म्हणून हडर्सफील्डचा फुटबॉल क्लब. मी आपलं तसंच उतरवून घेतलं. हा फोटोही त्यांनीच पाठवला. कॉलिनरावांच्या वडिलांचे आजोबा. कपाळ बघ, हुबेहूब जावई!

शमिका : ते कपाळ त्याचं असूच शकत नाही.

नागेश : चष्मा लावून बघ जरा.

शमिका : चष्म्याचा प्रश्न नाही, बाबा. कॉलिन त्यांच्या पोटचा नाहीये. चार वर्षांचा होता, तेव्हा हॅरल्ड आणि जोननी त्याला अनाथाश्रमातून आणला.

(नागेश फोटो हातातच धरून बसतात. खाली जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या रस्त्यावरून वर्ल्ड कपचे झेंडे लावलेल्या गाड्या हॉर्न वाजवत जातात.)

नागेश : लग्नाला चार वर्षं झाली, आणि हे मला आज सांगतेस?

शमिका : पहिल्या भेटीत तुम्ही त्याला काय विचारलंत, आठवतं? घराणं कुठलं! तो ‘यॉर्कशर’ म्हणाला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मला भीती वाटली.

नागेश : माझी?

शमिका : तुमचीच. झोपेतून उठवलं तरी पंधरा पिढ्या म्हणून दाखवणारा माणूस. तो याला काय म्हणेल, याची.

नागेश : बाप तुला एवढा वाईट वाटला होय गं?

शमिका : वाईट नाही हो. कुळाच्या बाबतीत जरा... तुम्हीच सांगा.

नागेश : हं. पुढे बोल.

शमिका : हॅरल्ड गेले ना, तेव्हा चर्चच्या दारात त्यांची बहीण सगळ्यांदेखत म्हणाली, ‘आमच्या भावाचं आता कोणी उरलं नाही.’ कॉलिन तिच्या शेजारीच उभा होता, त्यांचाच कोट घालून. तेव्हापासून तो तिकडे गेला नाही. आणि म्हणून तर तो म्हणतो, मुलीला बोरगावकर लावू. जे नाव माझं नाही, ते मी तिला कुठल्या तोंडाने देऊ? सोमवारी स्टांडेसआम्टमध्ये, इथल्या जन्मनोंदणी कचेरीत जाऊन तसंच नोंदवायचं ठरलंय.

नागेश : मला वाटलं, तो तुझा हट्ट. शिकलेली मुलगी, स्वतःचं आडनाव सोडलं नाही, मुलीलाही तेच देतेय.

शमिका : तुम्ही फोनवर एवढे खूश झालात की खरं कारण मला सांगवेना.

नागेश : खूश? अगं, विमानात शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगितलं मी! आपली शाखा माझ्यापाशी संपत होती. वृत्तांतात माझ्या नावाखाली तू, आणि पुढे कोरं. तिथे आता तनया बोरगावकर येणार होती.

शमिका : येईल की. अजून काही बदललेलं नाही.

नागेश : थांब. जरा थांब. राजाभाऊ माहीत आहेत ना तुला?

शमिका : तुमचे आजोबा. पुण्याच्या घरी दारावर फोटो आहे ते.

नागेश : ते दत्तक. प्लेगात घरचं घर उठलं त्यांचं. एवढंसं पोर, बोरगावकरांनी मांडीवर घेतलं. मूळचं आडनाव त्यांना स्वतःलाही सांगता यायचं नाही. आणि माझी आजी मरेपर्यंत म्हणायची, ‘यांचं नाक बघा, अस्सल बोरगावकरी!’ तिला कधी कोणी हसलं नाही.

शमिका : म्हणजे मग आपण...

नागेश : आपण सगळेच. मी, तू, ती आत झोपलेली.

शमिका : मला कधी बोलला नाहीत!

नागेश : वृत्तांतात छापलंय की सरळ. लपवलं कोणी? पण त्यात मुद्दाम सांगण्यासारखं काही आहे, असं मला कधी वाटलंच नाही बघ. राजाभाऊ बोरगावकर होते. झालं.

कॉलिन : बाबा? मी आत ऐकतो, बूथरॉइड, बूथरॉइड. काय झाला?

शमिका : कॉलिन, तिला घेऊन का आलास?

कॉलिन : खांद्यावर झोपते. खाली ठेवला की उठते.

नागेश : या, बसा कॉलिनराव. शमिकाने मला सांगितलं. रागावू नका तिच्यावर.

कॉलिन : आल्झो... म्हणजे, सगळं?

नागेश : सगळं. मला एक सांगा. दाढी करायला कोणी शिकवलं तुम्हाला?

कॉलिन : डॅडनी. दाढी, टाय, सायकल. सायकलवर तो खूप ओरडला.

नागेश : आणि नाव?

कॉलिन : कोर्टात. मी छोटा होतो. जज म्हणाला, आता तुझं नाव काय? मी मोठ्याने सांगितला, कॉलिन बूथरॉइड! सगळे हसले. डॅड रडला.

नागेश : मग ते तुमचं नाही, असं का म्हणता?

कॉलिन : आँट एडिथ म्हणते.

नागेश : भाऊ गेला होता बाईंचा. दुःखात माणूस काहीही बोलून जातं. त्यावरून कोणी नाव टाकून देतं का? सोमवारी बूथरॉइड लिहा.

शमिका : बाबा, अहो, तुमची शाखा?

कॉलिन : तुम्हाला बोरगावकर पाहिजे, बाबा. मला माहीत आहे.

नागेश : पाहिजे ना! खोटं कशाला बोलू? फार पाहिजे. हौसेने दिलं असतंत, तर पेढे वाटून घेतलं असतं. पण तुम्ही स्वतःला बाजूला सारून देताय. तसं मला नको. उद्या ही पोर विचारेल, बाबा, तुझं नाव मला का नाही दिलंस? काय सांगाल? मला लाज वाटत होती म्हणून?

कॉलिन : लाज नाही. भीती.

नागेश : भीती तर मलाही वाटली आत्ता, शाखेची. गेली.

शमिका : एवढ्यात गेली?

नागेश : जाईल हळूहळू. तू मध्ये बोलू नकोस.

कॉलिन : हा फोटो कोण आहे?

नागेश : तुमचे पणजोबा. मागावर काम करायचे. कपाळ बघा.

शमिका : बाबा, आत्ताच सांगितलं ना तुम्हाला!

नागेश : मी कुलवृत्तांताचा संपादक आहे, मला कळतं. कपाळ तेच आहे.

कॉलिन : हो. थोडा आहे.

नागेश : थोडा? पुष्कळ आहे! आणा, तिला इकडे आणा. मांडीवर द्या माझ्या. हां, अशी. बोरगावकर व्हायला आमच्यात एवढं पुरतं.

कॉलिन : उद्या शमिकाची मैत्रीण शुभदा आत्या होणार, कानात नाव सांगणार. पूर्ण नाव?

नागेश : पूर्ण. तनया कॉलिन बूथरॉइड.

कॉलिन : मी तिला आज सांगू? आधी?

नागेश : सांगा की. पण हळू सांगा. इथे तुम्हाला कोणी जज विचारत नाहीये.